फॉर्मवर मामाचं नाव नव्हतं

मला इंग्रजी येतं असा आमच्या घरात एक गैरसमज होता आणि तो मी जिवापाड जपला होता. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला इंग्रजी विषय घेतला होता, एवढाच त्याला पुरावा. आम्ही सगळ्या मुली गाइडमधून मराठीत समजून घ्यायचो आणि उत्तरं तेवढी इंग्रजीत पाठ करायचो. पण आबा, म्हणजे माझे आजोबा, आल्यागेल्याला सांगायचे, "आमची सुलभा इंग्रजीत शिकते." त्यामुळे शोभाअक्काचं टायपिंगच्या परीक्षेचं हॉल तिकीट टपालाने आलं, आबांनी ते उलटं केलं आणि मागची बारीक छापलेली इंग्रजी ओळ माझ्यापुढे धरली, तेव्हा घरातले सगळे हातातली कामं थांबवून माझ्या तोंडाकडे बघायला लागले. ओळीतला एकच शब्द जाड ठशात होता. इम्पर्सोनेशन. 'आढळल्यास कडक कारवाई' हे आजूबाजूच्या शब्दांवरून कळत होतं. काय आढळल्यास, ते कळत नव्हतं.

"काय म्हनते?" आबांनी विचारलं.

"पर्सनॅलिटीबद्दल आहे काहीतरी," मी म्हणाले. "म्हणजे नीटनेटकं यायचं, असं."

आई लगेच म्हणाली, "मग जांभळी साडी इस्त्री करून ठेवते."

ती जांभळी साडी नेसून परीक्षेला अक्का जाणार नव्हती, मी जाणार होते. म्हणजे ज्या गोष्टीसाठी कडक कारवाई होणार होती, तिची तयारी आमच्या घरात इस्त्रीपासून सुरू झाली.

शोभाअक्का माझी चुलत बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. थोरले काका एका सरकारी कार्यालयात कारकून होते. ते नोकरीत असतानाच गेले आणि त्यांच्या जागी घरातल्या कोणाला तरी घ्यायचं ठरलं, तेव्हा खरं तर नंबर अक्काच्या दोन भावांचा होता. पण दोघंही दहावीच्या दारात अनेकदा जाऊन परत आले होते. अक्का बारावी पास. म्हणून नाइलाजाने, हा शब्द आबांचाच, ती नोकरी अक्काला मिळाली. ऑर्डरमध्ये एक अट होती: दोन वर्षांच्या आत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, नाहीतर नोकरी संपली. अक्का तीनदा बसली आणि तीनदा नापास झाली. दोन वर्षं संपायला आता थोडेच दिवस राहिले होते आणि मधे ही एकच परीक्षा होती. ही गेली की नोकरी जाणार, आणि मग काकू, ते दोन भाऊ आणि स्वतः अक्का यांनी काय करायचं, याचं उत्तर घरात कोणाकडे नव्हतं.

आम्ही अमळनेरला तेलाच्या कारखान्यामागच्या चाळीत राहायचो. मूळचे आम्ही पूर्वेकडचे, यावल-रावेर भागातले. वडील कारखान्यात कामाला लागले म्हणून इकडे आलो. घरात तिकडची बोली, गल्लीत अहिराणी आणि कॉलेजात पुस्तकी मराठी. दिवसातून तीनदा जीभ बदलायची मला इतकी सवय होती की मी स्वतःला या कामात तरबेज समजायचे. सरकीच्या तेलाचा वास आमच्या उशांनासुद्धा यायचा. कारखान्याच्या सकाळच्या भोंग्यावर अक्का उठायची, पाणी भरायची, आठ माणसांच्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या थापायची, डबा घेऊन ऑफिसात जायची आणि संध्याकाळी परत येऊन पुन्हा परातीपुढे बसायची. तिच्या भाकऱ्या अशा फुगायच्या की शेजारणी बघायला यायच्या. त्यावर कच्चं तेल आणि ठेचा. आजही मला कोणी स्वर्गाबद्दल विचारलं तर मी त्या ताटाबद्दल सांगीन, आणि ते ताट करणारी बाई त्या स्वर्गात कधी बसायची, हे विचारलं तर विषय बदलीन.

मी मात्र टायपिंगमध्ये पटाईत होते. सुट्टीत करमत नाही म्हणून कोपऱ्यावरच्या इन्स्टिट्यूटमध्ये जायला लागले आणि दोन महिन्यांत मास्तर म्हणाले, "हिची बोटं म्हणजे पाऊस." आबांनी ते ऐकलं आणि योजना तिथेच ठरली. आम्हा दोघींची उंची सारखी, नाकं सारखी, कारण ती आबांकडूनच आलेली. हॉल तिकिटावरच्या फोटोवर गोल शिक्का असा बसला होता की खाली फक्त एक कान आणि अर्धी वेणी उरली होती. "पोरीबाळींच्या तोंडाकडे कोन बघते?" आबा म्हणाले. "डोक्यावर पदर घेतला की झालं." चार महिने रोज संध्याकाळी एक तास मी अक्कासाठी इन्स्टिट्यूटमध्ये सराव केला आणि त्या वेळात अक्काने माझ्यासाठी भाकऱ्या केल्या. ही वाटणी मला तेव्हा अगदी न्याय्य वाटली होती, हे इथे कबूल करते.

तर तो शब्द. खोटं सांगून वेळ मारून नेली, पण मनातून धाकधूक होती. म्हणून दुसऱ्या दिवशी मी सबनीस सरांकडे गेले. सर कॉलेजातून निवृत्त झालेले इंग्रजीचे प्राध्यापक. दुसऱ्या गल्लीत एकटेच राहायचे, आणि त्यांच्याकडे जाड जाड कोश होते. ते स्वतःच्या समाधानासाठी लॅटिन शिकले होते. अमळनेरमध्ये लॅटिनबद्दल विचारायला कोणी येईल ही आशा त्यांनी केव्हाच सोडली असावी. मी शब्द उच्चारला आणि ते खुर्चीतून उठलेच.

"कुठे सापडला तुला हा?"

"वक्तृत्व स्पर्धा आहे, सर." खोटं बोलण्याचा माझा सराव टायपिंगच्या बरोबरीनेच चालू होता.

सरांनी कोश उघडला नाही. डोळे मिटले. "मुळाशी आहे पर्सोना. लॅटिन. अर्थ मुखवटा. रोमन नट तोंडावर चढवायचे तो. मग मुखवट्यावरून अर्थ सरकला त्या पात्रावर. राजा, गुलाम, म्हातारा. पात्रावरून सरकला समाजातल्या जागेवर. कोर्टात कोण वादी, कोण प्रतिवादी, ती जागा म्हणजे पर्सोना. गुलामाला ती जागाच नाही, असं त्यांचे कायदेपंडित मानत. आणि अगदी शेवटी अर्थ झाला माणूस. ज्याला आपण पर्सन म्हणतो. म्हणजे क्रम बघ तू. आधी मुखवटा, माणूस मागून."

मी वहीत लिहून घेत होते, स्पर्धेसाठी.

"काही लोक म्हणतात, 'पर' म्हणजे आरपार आणि 'सोनारे' म्हणजे आवाज करणं. मुखवट्याच्या तोंडाला भोक असतं, त्यातून आतला आवाज बाहेर येतो, म्हणून पर्सोना. ऐकायला फार गोड आहे. पण पर्सोनातला 'सो' दीर्घ, सोनारेतला ऱ्हस्व, म्हणून विद्वान ते मानत नाहीत. बहुतेक रोमनांनी हा शब्द शेजारच्या एट्रुस्कन लोकांकडून उचलला." सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. "मुखवट्याचा शब्दसुद्धा दुसऱ्याचा घेतला लेकाच्यांनी!"

"आणि इम्पर्सोनेशन?"

"आधी 'इन', म्हणजे आत. जे निराकार आहे त्याला देह देणं, हा पहिला अर्थ. न्याय, दया, मृत्यू यांना माणूस करून उभं करायचं, तसं. मग नटाने भूमिका वठवणं. आणि त्यानंतर, दुसऱ्याच्या नावाने फसवणूक करणं. तोतयेगिरी. पोलीस या शब्दाच्या आयुष्यात फार उशिरा आले."

पोलीस हा शब्द ऐकून माझी पेन्सिल थांबली. सर म्हणाले, "पण मला विचारशील तर ती आवाजाची व्युत्पत्ती चुकीची असली तरी तीच खरी आहे. स्पर्धेत तीच सांग." त्यांना या स्पर्धेचा निकाल शेवटपर्यंत कळला नाही. ते पुढे भेटले की विचारायचे आणि मी दरवेळी 'उत्तेजनार्थ' म्हणायचे.

घरी येऊन मी आबांना शब्दाचा अर्थ सांगितला. रोमन नटांसकट सगळं. आबांनी शांतपणे ऐकलं. "म्हनजे सोंग," ते म्हणाले. "मग घाबरायचं काय? सोंग घ्यायचं तं नीट घ्यायचं." आणि त्या दिवसापासून माझी तालीम सुरू झाली. अक्काची जन्मतारीख, शाळा, दहावीचे मार्क, ऑफिसचा पत्ता, थोरल्या काकांचं पूर्ण नाव, सगळं पाठ. जेवता जेवता आबा अचानक विचारायचे, "नाव काय?" आणि मी घास गिळून म्हणायचे, "शोभा." एकदा शेजारची काकू वाटी मागायला आली तेव्हाही मी शोभा म्हणाले आणि ती आईला हळूच विचारून गेली की पोरीला काही ताप वगैरे आहे का.

अक्का या सगळ्यात काही बोलत नव्हती. तिला कोणी विचारलंही नव्हतं. एकदाच परातीपुढे बसल्या बसल्या म्हणाली, "तू गेली ना सुलू, तं नाव तं माहंच पास होईन. बरं वाटंन पेपरात बघून." मला तो विनोद वाटला आणि मी हसले.

परीक्षेचं केंद्र धुळ्याला होतं. आता अडचण अशी की तरण्या पोरीला एकटीला धुळ्याला कसं पाठवायचं? आणि अक्काने परीक्षेसाठी ऑफिसातून रजा घेतलेली. ती गावात दिसली तर सगळं उघडं पडणार. तेव्हा आबांनी तोडगा काढला की अक्काने माझ्या सोबतीला जायचं. खऱ्या परीक्षार्थीने तोतया परीक्षार्थीची राखण करायची. आणि दोघींमध्ये गोंधळ नको म्हणून मी अक्काची जांभळी साडी नेसायची व अक्काने माझा पिवळा पंजाबी ड्रेस घालायचा. सव्वीस वर्षांच्या अक्काने पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला. एस.टी.च्या काचेत ती सारखी स्वतःला बघत होती आणि मग मी बघते आहे हे लक्षात आलं की खिडकीबाहेरची कपाशी बघत होती.

शेजारच्या सीटवर एक म्हातारी टोपलीत कोंबडी घेऊन बसली होती. तिने मला विचारलं, "कोनी पोर शे वं तू? कथी चालनी?"

मी पदर सावरला. "मी शोभा. परीक्षेला. नोकरी शे मनी."

"आणि ही?"

"ही मनी धाकली बहीन. सुलभा. कॉलेजमा जास, पन काई येत नही तिले."

म्हातारी अक्काकडे बघून म्हणाली, "दिखास बी तशीच." अक्का ओढणीत तोंड घालून इतकी हसली की कंडक्टरने मागे वळून बघितलं. माझा आत्मविश्वास मात्र त्या एका वाक्याने आभाळाला टेकला. धुळ्यापर्यंत मी म्हातारीला माझ्या ऑफिसातल्या साहेबांच्या स्वभावाबद्दलही बरंच काही सांगितलं.

केंद्र एका शाळेत होतं. मोठा हॉल, चाळीसेक मशिनं, प्रत्येकासमोर एक उमेदवार. पेपरच्या आधी अर्धा तास आत सोडायचे, मशिन तपासून घ्यायला. अक्का बाहेर निंबाच्या पारावर डबा घेऊन बसली. मी माझ्या नंबरच्या मशिनपुढे बसले. पर्यवेक्षक होत्या चौधरी बाई. जाड भिंगाचा चष्मा, कडक कॉटनची साडी. त्यांनी हॉल तिकीट बघितलं, फोटो बघितला, त्यातला कान बघितला, माझा कान बघितला.

"नाव?"

"शोभा."

"जन्मतारीख?" सांगितली. "वडील?" सांगितले. बाईंनी सही केली आणि पुढच्या रांगेत गेल्या. आबांची तालीम कारणी लागली. मी सुटकेचा श्वास सोडला, कागद चढवला, कागद सरकवणारं कॅरेज ढकलून बघितलं आणि ते मधेच अडकलं. जोर लावला तरी हलेना. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अव माय व! हे तं अडकलंच!"

मोठ्याने नाही. पण बाई दोन रांगा पलीकडून वळल्या. परत आल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा कडकपणा गेला होता. त्यांनी वाकून मशिनच्या बाजूची एक कळ मोकळी केली, कॅरेज सरकलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आपल्याकडची दिसतं व तू. इकडे धुयाले कोनी असं बोलत नाही. मामा कोठचे तुहे?"

आता हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं अवघड आहे. आमच्या भागात 'मामा कुठले' हा चौकशीचा प्रश्न नसतोच, तो पाण्याचा तांब्या असतो. माणूस दारात आला की पुढे करायचा. कोणत्याही सरकारी फॉर्मवर मामाचं नाव विचारत नाहीत, म्हणून आबांनी ते पाठ करून घेतलं नव्हतं. शोभाअक्काचे मामा यावलचे, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. पण बाप खोटा सांगणं निराळं आणि मामा खोटा सांगणं निराळं. मामाच्या घरी मी लहानपणापासून सुट्ट्या काढलेल्या. केळीच्या बागेत पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसलेली. जीभ माझ्या आधी बोलली.

"सावद्याचे," मी म्हणाले. आणि तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. "केळीवाले वामनमामा. स्टेशनच्या रस्त्याले बाग हाये ना मोठी, ते."

बाई सरळ उभ्या राहिल्या. "वामनभाऊ? माझं माहेर त्यांच्या दाराला लागून. म्हणजे शांताची पोरगी तू." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "शांताला एकच मुलगी आहे. तिचं नाव सुलभा."

हॉलमधली सगळी मशिनं चालू होती, लोक बोटं मोकळी करत होते, पण मला काही ऐकू येईना. सबनीस सरांचा तो चुकीचा अर्थ तेवढा आठवला. मुखवट्याला तोंडाशी भोक असतं.

"कोणाच्या नावावर बसली आहेस?" बाईंचा आवाज पुन्हा ऑफिसचा झाला होता.

मी सगळं सांगितलं. अट, तीन वेळा नापास, नोकरी, काकू, भाऊ. रडत रडत सांगितलं आणि त्यात रोमन नटांचा उल्लेख तेवढा टाळला. बाई ऐकत होत्या आणि घड्याळाकडे बघत होत्या.

"आणि ती कुठे आहे? नोकरी जिची जाणार आहे ती?"

"बाहेर. पारावर."

"तिला टायपिंग येत नाही का?"

"येतं थोडं. सराव नाही."

"आणि तुला आहे."

"चार महिने रोज एक तास..."

"तिच्या नावाने," बाई म्हणाल्या. "मग तो तास तिलाच का नाही दिला?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. भाकऱ्या कोण करणार, असं माझं उत्तर होतं. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या स्वतःच्या कानांना माझं उत्तर उच्चारण्याआधी ऐकू आलं, आणि मी तोंड मिटलं.

बाई म्हणाल्या, "मी आता केंद्रप्रमुखांना बोलावलं तर तुझं कॉलेज संपलं आणि तिची नोकरी आजच संपली. वीस मिनिटं आहेत. ऊठ. पोटात दुखतं म्हण आणि बाहेर जा. वीस मिनिटांच्या आत या खुर्चीवर हॉल तिकिटावरची शोभा बसलेली असली तर मी तिला ओळखते. नाही आली तर गैरहजर. तुला मी बघितलेलंच नाही. आणि शांताला सांग, पोरगी आवाजाने अगदी तिच्यावर गेली आहे."

मी पारापर्यंत पळत गेले. अक्का डब्यावर हात ठेवून बसली होती. सगळं सांगितलं. 

"मी नाही जात."

"अक्का, जावंच लागंन."

"माही बोटं मेली आहेत सुलू. चार महिन्यांत कळीला हात लावला नाही. आबा काय म्हनतीन? नापास झाली तं म्हनतीन, हिला कशाले बसवलं."

"आणि गैरहजर राहिली तं?"

अक्का आपल्या हातांकडे बघत राहिली. तव्याने भाजलेले, पीठ लागून लागून कोरडे पडलेले हात. मग एकदम म्हणाली, "या ड्रेसवर?"

या ड्रेसवरच गेली. साडी बदलायला जागा नव्हती. मी दाराशी उभी राहून बघितलं. बाईंनी फोटो बघितला, पिवळा ड्रेस बघितला. "तिकिटावर ड्रेसची काही अट लिहिलेली नाही," त्या म्हणाल्या. "बसा." आणि दार लावलं.

मी पारावर येऊन बसले. घंटा झाली आणि आतून चाळीस मशिनांचा एकच कडकडाट सुरू झाला, टिनाच्या पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. मी त्यातलं अक्काचं मशिन ओळखायचा प्रयत्न करत होते. एक मशिन अडखळत होतं. थांबायचं, मग दोन-तीन ठोके, मग थांबायचं. मला वाटलं तीच. हळूहळू ते मशिनही त्या गर्दीत मिसळून गेलं, की ती नव्हतीच, कोण जाणे. मी जांभळी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन, अक्काचा डबा मांडीवर धरून बसले होते. येणारा-जाणारा माझ्याकडे बघत होता तो परीक्षेला बसलेल्या कोणाची तरी वाट बघणारी बाई म्हणून. त्या दिवशी तेवढंच एक काम मी चोख केलं.

घरी आलो तेव्हा आबा ओट्यावर वाट बघत होते. "झाला पेपर?"

"झाला," अक्का म्हणाली. "मीच दिला."

"मंग ही कशाले गेली होती?"

"सोबतीले," अक्का म्हणाली आणि आत गेली. आबांनी माझ्याकडे बघितलं. मी काय झालं ते सांगितलं. सावद्याचं नाव येताच आईने कपाळावर हात मारला आणि त्याच श्वासात विचारलं, "चौधरी म्हनजे कुसुम का व? जाड चष्मा? बरी हाये का ती?"

अक्का नापास झाली. परीक्षेतलं पत्र आणि तक्ता टाइप करणं जमलं होतं, वेगात थोडक्यात गेली. इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती, आबांच्या मते तरी. पण अक्काने स्वतःच एक अर्ज लिहिला, इन्स्टिट्यूटच्या मशिनवर स्वतःच टाइप केला आणि साहेबांपुढे ठेवला. सहा महिने मुदतवाढ. कारण: सरावास वेळ न मिळणे. साहेबांनी कारण वाचून तिला विचारलं म्हणे, वेळ का नाही मिळाला. ती काय म्हणाली ते तिने आजवर सांगितलेलं नाही. मुदत मिळाली. त्या संध्याकाळी तिने परात उचलून माझ्यापुढे ठेवली. आबांसमोर, दोघा भावांसमोर. "उद्यापासून हा एक तास माहा. भाकऱ्या सुलू करंन. चार महिने ती मी झाली होती ना, आता सहा महिने होईन."

 आबा नंतर माझ्या आईला म्हणाले की नोकरी लागल्यापासून पोरीला तोंड फुटलं आहे. नोकरी लागून दोन वर्षं झाली होती.

मी सहा महिने भाकऱ्या केल्या. त्या कधी गोल झाल्या नाहीत. कधी कडा जाड, कधी मधे भोक, आणि फुगणं हा प्रकार तर अजिबात नाही. पहिल्याच दिवशी धाकट्या भावाने भाकरी उचलून उजेडाकडे धरली आणि म्हणाला, "ही अक्काची नाही." सगळे हसले.  सरकारी शिक्का, सही, फोटो, जन्मतारीख या सगळ्यांतून मी पार झाले होते. आमच्या घरात अक्काच्या जागी दुसरं कोणी बसलेलं ओळखू यायचं ते एवढ्या एकाच ठिकाणी.

सहाव्या महिन्यात अक्का पास झाली. पहिल्या श्रेणीत वगैरे नाही, पण ठीक मार्कांनी. पेपरात नंबर आला तेव्हा तिने ती पानं कोणालाही दाखवली नाहीत. नंतर मला ती तिच्या ट्रंकेत सापडली, माझा पिवळा ड्रेस घडी घालून ठेवला होता त्याच्याखाली.

माझं लग्न झालं. धुळ्याच्याच घरात. मांडवात ताटातल्या तांदळावर नवऱ्याने अंगठीने नाव लिहिलं: मृणालिनी. कॉलेजात असताना त्याला ते नाव आवडायचं म्हणे. का आवडायचं, ते मी अजून विचारलेलं नाही. सासूबाईंना ते उच्चारता येईना म्हणून त्या मला सूनबाई म्हणायच्या. त्यांच्या बहिणी 'अमळनेरवाली' म्हणायच्या. मुलं झाली तेव्हा शाळेत त्यांची आई झाले. सबनीस सर त्या लग्नाला आले होते. अक्षता टाकताना माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "नवीन पर्सोना." मला वाटलं होतं ते आशीर्वाद देत आहेत. दुसऱ्याच्या नावाने मी एकदाच बसले आणि अर्ध्या तासाच्या आत पकडले गेले. हे दुसरं नाव घेऊन मी तीस वर्षांहून अधिक काळ वावरते आहे, रेशन कार्डावर, मतदान यादीत, दवाखान्यात, आणि एकाही चौधरी बाईने मला मामा कुठले म्हणून विचारलेलं नाही.

परवा अडचण आली ती नातवाच्या पासपोर्टसारख्या मोठ्या कामात नव्हे, साध्या वारसाच्या कागदात. सावद्याची ती बाग विकायची ठरली, तिच्यात आईचा हिस्सा, म्हणून माझी सही हवी. शाळेच्या दाखल्यावर सुलभा, आधार कार्डावर मृणालिनी. कचेरीतला क्लार्क म्हणाला, "मॅडम, या दोघी एकच आहेत कशावरून?" प्रतिज्ञापत्र करून आणा म्हणाला, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं. आणि दोन्ही नावांनी ओळखणारा एक साक्षीदार.

अक्का आली. आता ती निवृत्त हेडक्लार्क. जळगावला राहते, गुडघे दुखतात, पण अमळनेरसारखीच पहाटे उठते. कचेरीतच प्रतिज्ञापत्र टाइप करणारा पोरगा एका बोटाने कीबोर्ड शोधत होता. अक्काने थोडा वेळ बघितलं, मग त्याला उठवलं आणि स्वतः बसली. खाली न बघता, सरळ पडद्याकडे बघत तिची बोटं चालायला लागली. मी तिच्या मागे उभी राहून वाचत होते. 'मी, खाली सही करणार, शपथेवर सांगते की सुलभा आणि मृणालिनी ही दोन्ही नावं...'

ती तिथे थांबली. मान न वळवता म्हणाली, "अन् तिसरं लिहू का? शोभा. अर्धा तास होती तू."

  क्लार्कला वाटलं आम्ही आणखी काही घोळ करतो आहोत. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे कागदावरचं नाव म्हणून नाही, समोर उभी असलेली बाई म्हणून बघितलं.

"आजी," तो म्हणाला, "तुमचे मामा कुठले?"

"सावद्याचे," मी म्हणाले. "केळीवाले वामनमामा." आणि अक्काने तेही टाइप केलं.